आधी लोणी, मग सुरी

प्रिय आत्या,

‘पत्र लिहिण्यास कारण की’ हे पत्राच्या पहिल्या ओळीत घालायचं असतं, असं तूच मला शिकवलंस. ह्या पत्रात ते शेवटी येईल. आधी आलं तर तू पुढचं वाचणार नाहीस, कागदाची घडी करून चहाच्या डब्याखाली सारशील आणि मला फोन करून म्हणशील, ‘जाऊ दे गं.’ फोनवर तुझं ‘जाऊ दे’ माझ्या वाक्याच्या आधी पोचतं. म्हणून कागद. कागदाला मधेच तोडता येत नाही.

तू सांगितल्याप्रमाणे शनिवारी अर्धी रजा टाकून मी तुझी पेटी प्रकाशकांकडे नेली. निळ्या पत्र्याची, कडी मोडल्यामुळे तू नाडीनं बांधून ठेवलेली. उघडून पाहिली तर पुस्तकं हलू नयेत म्हणून कडेनं धुतलेले टॉवेल कोंबलेले. मला जरा रागच आला. ज्याला तोंडानं ‘रद्दी’ म्हणायचं, त्याला कुणी टॉवेलात गुंडाळतं का? टॅक्सीवाल्यानं पेटी उचलली आणि कण्हत विचारलं, ‘ताई, विटा भरल्यात का?’ मी म्हटलं, ‘गोष्टी आहेत.’ ‘मग हळू चालवतो,’ तो म्हणाला, ‘सांडायच्या.’ त्या दिवसभरात पुस्तकांविषयी इतक्या आदरानं तो एकटाच बोलला.

तुझ्या वेळचं ऑफिस आता ओळखू येणार नाही. खाली जिथे तू खिडकीशी बसून मुद्रितं तपासायचीस तिथे बुटांचं दुकान आहे. प्रकाशन वरच्या मजल्यावर. जुन्या मालकांच्या सूनबाई सगळं पाहतात. बाई वाईट नाहीत, हे आधीच सांगते, नाहीतर तुला वाटेल मी जाऊन भांडले. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, तुझी चौकशी केली. ‘आत्यांच्या हातून गेलेल्या पानात चूक राहायची नाही, असं बाबा नेहमी सांगायचे,’ म्हणाल्या. बाबा म्हणजे त्यांचे सासरे, ज्यांचं नाव पेटीतल्या त्या रहस्यकथांच्या मालिकेतल्या प्रत्येक पुस्तकावर लेखक म्हणून ठळक अक्षरांत आहे. मी ‘हो’ म्हटलं आणि पाणी प्यायले. न बोलणं मी तुझ्याकडूनच शिकले आहे. चांगलं जमतं मला.

संपादक मात्र नवा आहे, माझ्याच वयाचा, फार सभ्य. जागा बदलताना त्यांचा जुना संच गहाळ झाला. हाताशी पहिलं एकच पुस्तक उरलं होतं आणि नव्या आवृत्तीसाठी त्यांनी ते तयारही केलं होतं. बाकीची तुझ्या पेटीतून घ्यायची. त्यानं मोठ्या उत्साहानं नवी पानं माझ्यापुढे ठेवली. ‘आम्ही तिला आजची केली आहे,’ म्हणाला. ती म्हणजे मालिकेची नायिका, आपली कार्टी. पुस्तकातलं तिचं नाव तू आणि मी कधी वापरलंच नाही. ‘बघ, आपली कार्टी आज काय शोधतेय,’ असंच आपण म्हणायचो. मी खिडकीजवळ बसले आणि वाचायला घेतलं.

आत्या, पहिल्याच पानावर तिनं जीन्स घातली आहे. माझा जीन्सवर राग नाही, मीही रोज तीच घालते. पण तुझ्या पहिल्या पानावर ती राखाडी लोकरीच्या स्कर्टवर गडद हिरवा कोट घालते, कोटाची वरून दुसरी गुंडी जरा वेगळ्या हिरव्या रंगाची असते, कारण मूळची हरवलेली असते, आणि तिसऱ्या प्रकरणात ती मूळची गुंडी बागेतल्या, ती कधी न उतरलेल्या कोरड्या हौदात सापडते तेव्हाच तिला कळतं की आपला कोट आपल्या नकळत कुणीतरी घालून गेलं होतं. नव्या पुस्तकात हौदात मोबाइलचं कव्हर सापडतं. ते कुणाचं, हे ती कुणालातरी फोन करून विचारते. चला, ठीक आहे. मी पुढे गेले. पुढे ती मैत्रिणीबरोबर तळ्याकाठी जाते. तुला आठवत असेलच काय काय होतं त्या टोपलीत. तुला नसलं तरी मला आहे: मिठाची पुडी बांधलेली उकडलेली अंडी, काकडीचे काप, थंड कोंबडी, मेणकागदात गुंडाळलेला बदामाचा केक आणि ओल्या फडक्यात बसवलेली लिंबाच्या सरबताची बाटली. नव्या पानावर त्या जागी एक वाक्य आहे. ‘तिनं पटकन काहीतरी खाल्लं.’

मला वाटलं, एकदाच असेल. नाही. स्टेशनवर तिनं पटकन काहीतरी खाल्लं. वकिलाकडे जाण्याआधी तिनं पटकन काहीतरी खाल्लं. डॉक्टरीणबाईंच्या घरी पाऊस थांबेपर्यंत चूल पेटवून, सूप होईस्तोवर पायमोजे वाळत घालून, जायफळ घातलेल्या गरम दुधात ती भाजलेला पाव बुडवून खाते ना, तिथेही, पटकन, काहीतरी. आत्या, आपल्या कार्टीनं आयुष्यात पटकन काहीतरी खाल्लेलं नाही. चोर पळून चालला असला तरी ती आधी बशी स्वच्छ करायची.

मी संपादकाला शांतपणे विचारलं, हे का काढलं? त्याच्याकडे उत्तरं होती, आणि सगळीच मूर्खपणाची नव्हती. हल्लीच्या मुलींना पेटिकोट म्हणजे काय ते ठाऊक नाही, हातमोज्यांना गुंड्या असायच्या ते ठाऊक नाही. वाचताना अडखळतात. त्यानं गोष्ट थांबते. मग जरा आवाज खाली आणून म्हणाला, ‘आणि खरं सांगू का, ती खाते फार. आजकाल मुली वजनाला जपतात, पालक हरकत घेतील.’ हे ऐकल्यावर मी पानं खाली ठेवली. कारण हे वाक्य मी आधी ऐकलेलं आहे. तुझ्याच तोंडून, तू जुन्या मालकांची नक्कल करायचीस तेव्हा. पोट पुढे काढून, पेन कानावर ठेवून, ‘अहो बाई, पोरगी तुमची खाते किती!’ आपण दोघी खोखो हसायचो. ‘तुमची’ म्हणाले होते ते. मुद्रितं तपासणारीला कुणी ‘पोरगी तुमची’ म्हणतं का, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. मी आठ-नऊ वर्षांची असेन. आता मी लोकांची कापडं ताणून ती कुठे फाटतात हे पाहायचे पैसे घेते, त्यामुळे असे प्रश्न उशिरा का होईना पडतात.

माझं काम तुला कधी नीट सांगितलं नाही, तूही विचारलं नाहीस. ‘कापडाच्या कंपनीत आहे’ इतकंच शेजारणींना सांगतेस. प्रयोगशाळेत एक यंत्र आहे. शिवलेला तुकडा दोन जबड्यांत धरायचा आणि सुटेपर्यंत ओढायचा. नुसता आकडा मिळून भागत नाही, काय हरलं ते लिहावं लागतं. दोरा तुटला, शिवण उसवली, की शिवण धरून राहिली आणि शेजारचं कापडच फाटलं. तिन्हींचा अर्थ वेगळा. लहानपणचा माझा एक फ्रॉक मी गंमत म्हणून त्यात धरला होता, तू शिवलेला, दोन्ही बाजूंना खिसे असलेला. कापड फाटलं. तुझी शिवण जशीच्या तशी. हे मी तुला सांगितलं नव्हतं, कारण कौतुक ऐकून तू उठून भांडी घासायला लागतेस.

शाळा सुटल्यावर आईची कामाची पाळी संपेपर्यंत मी तुझ्याकडे असायचे. टेबलाच्या एका टोकाला तुझं शिवणयंत्र, दुसऱ्या टोकाला मुद्रितांचा गठ्ठा, आणि मधे मी, पेटीतलं एक पुस्तक घेऊन. एकदा मी तुला दाखवलं की पाचव्या पुस्तकात किल्ली डाव्या खिशात ठेवली आणि निघाली उजव्या खिशातून. तू दोऱ्याचं टोक दातांत धरून माझ्याकडे बघत राहिलीस आणि म्हणालीस, ‘बाई गं, तू पोरगी आहेस की मोजपट्टी?’ तेव्हापासून मी मोजपट्टी. पण त्या दिवशी तू ती चूक बघून लाजलीस, आत्या. कान लाल झाले होते तुझे. दुसऱ्यानं केलेली चूक आपल्या नजरेतून सुटली तर माणूस चिडतं. लाजतं ते स्वतःच्या चुकीला.

आणि मग तो पावाचा दिवस. मी पहिलंच पुस्तक पुन्हा वाचत होते. कार्टी त्या बंद घराच्या स्वयंपाकघरात शिरते. टेबलावर अख्खा पाव, त्याच्या कापलेल्या तोंडावर एकसारखं पसरलेलं लोणी, आणि काप मात्र कापलेला नाही. सुरी जागेवर नाही. ती एकदम थबकते. त्या घरची स्वयंपाकीण आधी पावाच्या तोंडाला लोणी लावते, मग त्याखालून काप कापते. म्हणजे लोणी लावून झालं आणि सुरी चालवायच्या आत दारावर कुणीतरी आलं, आणि ती हातातली सुरी घेऊनच दार उघडायला गेली. मी हे वाचलं आणि मान वर केली. समोर तू पावाच्या तोंडाला लोणी लावत होतीस. मग तू सुरी घेतलीस आणि कागदासारखा पातळ काप काढलास, कुठे फाटला नाही. दुसऱ्या कुणाच्याही घरी मी पाव असा कापताना पाहिलेला नव्हता. अजून नाही पाहिला. मी म्हटलं, ‘आत्या, हे तर पुस्तकात आहे.’ तू म्हणालीस, ‘गपचूप खा.’ मी गपचूप खाल्लं. आपल्या दोघींत ह्या विषयावर झालेलं एवढंच बोलणं.

नव्या पुस्तकात संपादकानं ती जागा ‘दुरुस्त’ केली आहे. त्याला वाटलं, जुन्या छपाईत वाक्यं खालीवर झाली असणार. लोणी लावायचं तर काप आधी कापायला नको का? म्हणून त्यानं काप कापून त्याला लोणी लावून बशीत ठेवला. सुरी पावाशेजारी. आणि पुढे कार्टी तरीही थबकते, तरीही म्हणते की स्वयंपाकिणीला कुणीतरी मधेच उठवलं. मी त्याला विचारलं, हे हिला कशावरून कळलं? त्यानं पान मागे-पुढे केलं. डोकं खाजवलं. मग म्हणाला, ‘अंतःप्रेरणा म्हणता येईल.’ आत्या, अंतःप्रेरणा! त्या मुलीकडे डोळे होते, नाक होतं, शिवणकामाचं आणि चुलीचं ज्ञान होतं. ते सगळं काढून घेऊन ह्यानं तिला अंतःप्रेरणा दिली. जेवणही नेलं आणि अक्कलही.

तू म्हणशील, मग तू चिडलीस. नाही. मी विचारलं, इथे पाव आहे का? बुटांच्या दुकानातली माणसं आणि हे लोक दुपारचा चहा एकत्र घेतात, कपाटात पाव-लोणी होतं. मी हात धुतले आणि पावाच्या तोंडाला लोणी लावून काप काढला. पहिला जाड आला, माझा हात तुझा नाही. दुसरा बरा आला. सूनबाई उठून जवळ आल्या. तो काप त्यांनी उजेडात धरला. ‘फाटला नाही,’ म्हणाल्या, ‘कुठे शिकलात?’ मी म्हटलं, तुमच्या पहिल्या पुस्तकात आहे. तुमच्या सासऱ्यांनी लिहिलं आहे. घरी तेच कापायचे का पाव? त्या खळखळून हसल्या. ‘बाबा? अहो, बाबांनी कधी पाण्याचा ग्लास स्वतः भरून घेतला नाही. पायमोजे घालायलासुद्धा आईंना हाक मारायचे!’ आणि हसता हसताच त्या थांबल्या. संपादक माझ्याकडे पाहत होता, सूनबाई पावाकडे. मी काही बोलले नाही. सांगितलं ना, मला ते चांगलं जमतं.

मग काप बशीत ठेवत सूनबाई म्हणाल्या, ‘पण आत्या कधी काही बोलल्या नाहीत. पेटी मागितली तर लगेच हो म्हणाल्या. बदल करू का विचारलं, तर म्हणाल्या, हवं ते करा.’ मी मान डोलावली. कारण ते खरं आहे. म्हणजे माझं भांडण त्यांच्याशी नाहीच, तुझ्याशी आहे.

रविवारी मी माझ्या बाबांकडे गेले आणि विचारलं, आत्या पाव असा का कापते? बाबा आधी टाळाटाळ करत होते. मग सांगितलं. आजोबा आणि मुलगे आधी जेवायचे. त्यांचे काप जाड. मागे उरेल त्यात आजी आणि तू. आजी लोणी आधी लावायची ते काप अधिकात अधिक पातळ निघावेत म्हणून, उरलेला पाव दोघींना पुरावा म्हणून. आणि तुझे फ्रॉक आजोबांच्या नि मुलग्यांच्या जुन्या शर्टांचे असायचे. खिसा तेवढा आजोबा काढून टाकायला लावायचे. मुलीला कशाला हवा खिसा? बाबा हे सांगताना स्वतःच्या बशीकडे बघत होते. ‘आम्हाला तेव्हा कळलंच नाही गं,’ म्हणाले. मी तिथून उठले. घरी जाऊन पेटी उघडली आणि सगळी पुस्तकं पुन्हा वाचायला घेतली.

सगळ्या पुस्तकांत ती मुलगी सगळ्यांच्या आधी जेवते. तिला कुणी ‘पुरे’ म्हणत नाही. तिच्या प्रत्येक कपड्याला खिसा आहे, मेजवानीच्या रेशमी झग्यालासुद्धा. आणि तोच पातळ काप, जो तुझ्या घरी पुरवठ्याला यावा म्हणून कापला जायचा, तो तू तिच्या बशीत चैन म्हणून वाढलास, वर मुरंबा घालून. शेवटचं पुस्तक वाचताना मला हसू आलं. ‘पोरगी तुमची खाते किती’ हे बहुतेक त्याच्या आधी घडलं असावं, कारण शेवटच्या पुस्तकात अख्खं एक प्रकरण नुसती सहल आहे. रहस्य नाही, पाठलाग नाही. एक मुलगी गवतावर बसते आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जेवते. त्यानंतर मालिका बंद. जुन्या मालकांनी कमी करायला सांगितलं आणि तू पूर्ण प्रकरण वाढवलंस, आत्या. लिहिणं गेलं तरी चालेल, पण हिच्या ताटातलं काढणार नाही, असं ठरवलेली बाई आज म्हणते, हवं ते करा? मी हे मानत नाही. दोरा तुटलेला नाही, शिवण उसवलेली नाही. तुला फक्त कुणी बरीच वर्षं ओढून पाहिलेलं नाही.

तर, पत्र लिहिण्यास कारण की, पेटी मी दिलेली नाही. त्या शनिवारी ती तशीच टॅक्सीत घालून परत आणली. माझ्या कपाटाच्या तळाशी आहे, तुझ्याच टॉवेलांत. सूनबाईंना मी सांगितलं की ह्या पुस्तकांची लेखिका जिवंत आहे, ठणठणीत आहे, आणि पुस्तकं निघाली तर तिच्या नावानं आणि जेवणासकट निघतील. त्यांनी नाही म्हटलं नाही. ‘आत्यांच्या तोंडून ऐकायचंय,’ एवढंच म्हणाल्या. येत्या शनिवारी त्या वाट पाहणार आहेत. तू ‘जाऊ दे’ म्हणालीस तर पेटी तुझ्या घरी आणून ठेवीन, पण त्यांना देणार नाही. ह्यात माझी समजूत घालता येणार नाही, प्रयत्न करू नकोस. सोबतच्या पुडक्यात गडद हिरवा कोट आहे. माप तुझ्या जुन्या कोटावरून घेतलं, खिसे खोल ठेवलेत, वरून दुसरी गुंडी मुद्दाम जरा वेगळ्या हिरव्या रंगाची लावली आहे. तो घालून ये. पाव मी आणते, सुरी तुझी आण, माझीनं काप जाड येतात. आधी पाव कापून दाखव, मग जे सांगायचं ते सांग. आणि तिथे आपण पटकन काहीतरी खाणार नाही आहोत. नीट बसून जेवू, सगळ्यांच्या आधी.

तुझीच, आणि ह्या खेपेला तुझं मुळीच न ऐकणारी,
मोजपट्टी